नोंदवही

खोगिरासोबत मला बाबांची शेवटची नोंदवही मिळाली.
निळा पुठ्ठा, घोडीच्या घामानं फुगलेल्या कडा.
आधीच्या दहा वह्या खाली मिशनच्या कपाटात आहेत.
ही मागायला कुणी आलं नाही.

बाबा धर्मगुरू नव्हते. धर्मशिक्षक, बिनपगारी.
महिन्याकाठी एकदा फादर जीपनं वर येत,
रस्ता जागेवर असला तर.
उरलेले रविवार बाबांचे:
कांबळ्याच्या आत छातीशी पितळी डबी,
डबीत चौदा ओस्ती,
खिंडीपलीकडच्या हा-त्लेलाईतल्या
चौदा माणसांसाठी मोजून घेतलेल्या.

अक्षर कोंबडीच्या पायांचं.
"पोहोचलो. मामोसाचा गुडघा सुजलाय."
"पोहोचलो. नदीला पाणी, खुबेलू पोहली, मीही."
"पोहोचलो. खाणीतून दोघांच्या पेट्या आल्या, माणसं नाही."
पानामागून पान असंच.
लहानपणी मला या शब्दाचा राग यायचा.
आमच्याकडे ते कधी पोहोचायचे?
आले की बूट चुलीशी, तोंड भिंतीकडे,
आणि आई त्यांच्या पाठीला एरंडेल चोळत
माझ्याकडे न बघता म्हणायची, "हळू बोल."

जुलैतलं एक पान मात्र वेगळं.
"पोहोचलो नाही."
एवढंच. खाली अख्खं पान कोरं.

त्या दिवशी खिंडीत गुडघाभर बर्फ होता.
मेंढ्यांच्या दगडी गोठ्यातून धूर दिसेना,
म्हणून ते वाकडी वाट करून बघायला गेले.
आत एक गुराखी पोर, अकरा-बारा वर्षांचं,
तापानं फणफणलेलं, कुत्र्याला कवटाळून.
नाव विचारलं तर म्हणालं, रेत्सेलिसित्सोए.
आमच्या भाषेत याचा अर्थ, आमचं सांत्वन झालं.
आधीचं मूल गेलं की पुढच्याचं नाव असं ठेवतात.

बाबांनी त्याचे पाय आपल्या पोटावर घेतले.
खोगीर फोडून त्यातलं गवत जाळलं.
रात्रभर.
पलीकडे चौदा जणांनी मेणबत्ती संपेपर्यंत वाट पाहिली,
मग अंधारात गायले,
मग ज्वारीची आंबील पिऊन झोपले.
मामोसानं हे मला सांगितलं, कुरकुरतच.
"तुझ्या बापानं आम्हाला उपाशी ठेवलं," म्हणाली,
आणि माझ्या हातात दुसरा वाडगा दिला.

पोर पहाटे गेलं.

डबी परत आली तेव्हा फादरनी ओस्ती मोजल्या.
तेरा.
मी दाराआड होते. फादर तरुण होते, नियमांचे पक्के,
आवाज त्यांनी चढवला नाही.
"न्ताते मोहापी, त्याचा बाप्तिस्मा झाला होता?"
"विचारलं नाही."
"मग का दिलीत?"
बाबा टोपी हातात फिरवत राहिले.
बराच वेळ. बाहेर खुबेलू फुरफुरली.
"त्याला भूक लागली होती, फादर."

फादरनी डबी मिटली, पुन्हा उघडली,
पुन्हा मिटली. काही न बोलता आत गेले.
पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः डबी भरून दिली.
पंधरा.
का, ते कुणी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

बाबांनी चूक केली का, हे मला आजही ठरवता येत नाही.
देव त्यांना काय म्हणाला असेल, माहीत नाही.
मी फक्त एवढं बघितलंय
की त्यानंतरही सोळा हिवाळे
ते त्या गोठ्यापाशी घोडीवरून उतरायचे,
धूर असो वा नसो.

आता खुबेलूची नात माझ्याखाली आहे,
फाटलेलं खोगीर जाड दोऱ्यानं शिवलंय.
माझी श्रद्धा बाबांच्याइतकी नाही,
काही रविवारी तर नुसती सवय असते,
आणि थंडीत नाक गळत असतं.
तरी खिंडीत आले की घोडी आपोआप वळते.
मी लगाम ओढत नाही.

काल नोंदवहीत लिहिलं:
"गोठ्यात कुणी नव्हतं. आत जाऊन पाहिलं.
पोहोचले, उशिरा."